सांबऱ्यावरचा आडवा वारा

मृग लागला की जांबोटी-खानापूरच्या बाजूने येणारा वारा बेळगावात मुक्कामाला बसतो. सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, धावपट्टीवर छोटी विमानं शिकवणारे आणि शिकणारे आम्ही सगळे सकाळी आल्या आल्या विंडसॉककडे, वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघतो. ॲप्रनवरची, विमानं उभी करायच्या जागेवरची, माणसं ‘आज गाळी जोरात हाय’ म्हणतात. वाऱ्याला गाळी म्हणायची कन्नड सवय इथे मराठी जिभेलाही लागली आहे. पण जोर किती हा पहिला प्रश्न नव्हे. विंडसॉक एका दिशेला ताठ उभा असेल तर हात त्याला दोन फेऱ्यांत सरावतो. तो ताठ होतो, मधेच लुळा पडतो, वीस-तीस अंश फिरतो आणि पुन्हा फटकन ताठ होतो, तेव्हा सावध व्हायचं. खळ्यावर उफणणी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वारा कमी असला तर तो सूप हळू हलवतो. वारा लहरी असला तर सूप खाली ठेवतो.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. धावपट्टीची दिशा आणि वाऱ्याची दिशा यांत १५ अंशांचा फरक असेल तर वाऱ्याच्या वेगाचा पाव हिस्सा आडवा लागतो. ३० अंशांना निम्मा, ४५ ला पाऊण, ६० च्या पुढे जवळजवळ सगळा. नेमकी आकडेमोड साइनची, पण कॉकपिटमध्ये घड्याळाच्या काट्यांवरून एवढं पुरतं: पंधरा मिनिटं पाव तास, तीस मिनिटं अर्धा तास.

चूक होते ती कोणता आकडा घ्यायचा यात. समजा पट्टी २६, म्हणजे २६० अंशांकडे तोंड असलेली, वापरात आहे आणि वारा २४० अंशांवरून १४ नॉट (तासाला १४ सागरी मैल), झोत २४ नॉटपर्यंत. फरक २० अंशांचा, म्हणजे झोतातही आडवा भाग ८ नॉटच्या आसपास. सेस्ना १७२ ला हे काहीच नाही. आता तोच वारा तेवढ्याच वेगाने २१० वरून आला, तर फरक ५० अंशांचा होतो आणि आडवा भाग थेट १८ नॉट. वेग एका नॉटने वाढला नाही, फक्त दिशा ३० अंश सरकली, आणि आडवा वारा दुपटीहून जास्त झाला. झोताच्या दिवशी दिशा एवढी सहज हलते. म्हणून हिशेब कायम झोताच्या आकड्यावर करायचा, आणि विंडसॉक ज्या दोन टोकांमध्ये हलतोय त्यातलं वाईट टोक धरायचं. हवामान अहवालातला वारा हा दहा मिनिटांची सरासरी असतो आणि झोत त्या सरासरीपेक्षा किमान १० नॉट वर गेला तरच त्यात येतो. अहवालात झोताचा उल्लेख नाही म्हणजे झोत नाहीत असं नव्हे. आठ नॉटचे हिसके त्यात दिसतच नाहीत. उतरताना टॉवर जो वारा सांगतो तो ताजा, दोन मिनिटांचा, तोच धरायचा.

विमानाच्या पुस्तिकेतला आकडाही नीट वाचावा लागतो. सेस्ना १५२ ला १२ नॉट, १७२ ला १५, पायपर आर्चरला १७ असे आडव्या वाऱ्याचे आकडे दिलेले असतात. हे आकडे सिद्ध करून दाखवलेल्या वाऱ्याचे आहेत. कारखान्याच्या चाचणी-वैमानिकाने तेवढ्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवलं, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याने ती मर्यादा नाही, पण चाळीस तासांच्या विद्यार्थ्याने तिला हमी समजणं धोक्याचं. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही याच्या निम्म्यावर थांबवतो. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

सांबऱ्याची पट्टी २३०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. १७२ ला ही लांबी म्हणजे चैन आहे, आणि या चैनीमुळेच माणूस गाफील होतो. आडव्या वाऱ्यातला अपघात पट्टी संपल्यामुळे क्वचित होतो. होतो तो बाजूला घसरल्यामुळे, आणि बाजूला मिळतात फक्त साडेबावीस मीटर. धावपट्टीची दिशा ठरवण्याचा आंतरराष्ट्रीय निकष सांगतो की विमानतळ ९५ टक्के वेळ वापरण्याजोगा असावा. पण १५०० मीटरहून लांब पट्टीसाठी त्या हिशेबात आडवा वारा २० नॉटपर्यंत चालतो असं गृहीत असतं. १२०० मीटरहून आखूड पट्टीसाठी तोच आकडा १० नॉट. म्हणजे लांब पट्टीची आखणी मोठ्या विमानांच्या पायाने होते. तिच्यावर छोटं विमान घेऊन उतरणाऱ्याने त्या ९५ टक्क्यांत आपण आहोत असं धरू नये.

या भागातली आणखी एक अडचण नकाशा उघडला की दिसते. हुबळीची पट्टी ०८-२६, दाबोळीची ०८-२६, कोल्हापूरची ०७-२५. नैऋत्य मोसमी वारा इथे राज्य करतो आणि सगळ्या पट्ट्या पूर्व-पश्चिम अशाच पडल्या आहेत. त्यामुळे वारा दक्षिण-उत्तर झाला तर शेजारच्या विमानतळावर गेलं तरी तोच वारा तसाच अंगावर येतो. एप्रिल-मेच्या वळवात हे ठळकपणे जाणवतं. दुपारी चार वाजता ढग उभा राहतो, त्याच्या पोटातून थंड हवा जमिनीवर आदळते आणि धुळीची भिंत पुढे ढकलत पाच-दहा मैल धावते. या झोताला दिशेचा नियम नाही. ढग ज्या अंगाला असेल तिकडून तो येतो. इथे दुसरीकडे जाण्यापेक्षा थांबणं बरं पडतं, कारण असा झोत बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात निवतो. म्हणून त्या महिन्यांत नियमाने लागतं त्यावर आणखी तासाभराचं इंधन टाकीत असावं. थांबायला इंधन नसलेला माणूस पहिल्याच फेरीत उतरायचा हट्ट धरतो.

उन्हाळ्यात उंचीही आडवी येते. सांबरा समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या घरात. पारा ३६ वर गेला की हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगमापकाच्या काट्यावर ६५ नॉट दिसतात तेव्हा हवेतला खरा वेग ७० च्या पुढे असतो, आणि वेगाच्या वर्गाने वाढणारी ऊर्जा सुमारे १८ टक्के जास्त. काट्यावरचा वेग मात्र बदलायचा नाही. पंखाला काट्यावरचाच वेग कळतो.

आता फेरी. पट्टी २६, डावं सर्किट, म्हणजे डावीकडे वळत पट्टीभोवती घालायची चौकोनी फेरी, वारा नैऋत्येचा. डाउनविंडला, पट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेच्या टप्प्याला, विमान पट्टीच्या दक्षिणेला असतं आणि वारा त्याला पट्टीकडे ढकलतो. नाक किंचित बाहेर, वाऱ्याकडे धरलं नाही तर अंतर कमी होत जातं. बेसला, पट्टीला काटकोनातल्या टप्प्याला, वळलं की हाच वारा पाठीशी येतो. काट्यावर ७० आणि वारा २२० वरून २० नॉट असेल, तर जमिनीवरचा वेग ८३ च्या आसपास जातो. फायनलचं, म्हणजे पट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याचं, वळण नेहमीच्या जागी सुरू केलं तर विमान पट्टीच्या रेषेपलीकडे जातं. इथे हात आपोआप बँक (विमानाचा कल) वाढवतो, ४५ अंश बँकला स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल ढासळण्याचा, वेग एकोणीस टक्क्यांनी चढतो, आणि घाबरलेला पाय आतला रडर (शेपटीतलं सुकाणू) दाबून नाक ओढून आणतो. आतला पंख आधी स्टॉल होतो. ५०० फुटांवर त्यातून सुटायला उंची नसते. अपघाताच्या नोंदीत हा स्टॉल म्हणून जातो, पण त्याचं मूळ बेसवरच्या पाठीच्या वाऱ्यात असतं. बेसला पाठचा वारा आहे हे डाउनविंडलाच ठरवून वळण लवकर घ्यायचं. तरीही रेषा ओलांडलीच तर ३० अंशांवर बँक वाढवायची नाही. सरळ गो-अराउंड, न उतरता पुन्हा वर.

फायनलवर वेग ठरवताना झोताचा निम्मा वाढवतात. वारा १४, झोत २४, फरक १०, त्याचा निम्मा ५. म्हणजे ६५ ऐवजी ७०. यापेक्षा जास्त वाढवणारे खूप भेटतात, आणि तिथेच पुढची गडबड सुरू होते. पाच नॉट कशासाठी? पंखाची उचल वेगाच्या वर्गाने बदलते. ६५ वर उडताना समोरच्या वाऱ्यातले १० नॉट अचानक पडले तर २८ टक्के उचल एका झटक्यात जाते. वाढवलेला वेग हा त्या खड्ड्याचा बंदोबस्त. पण हाच वेग उतरताना सोबत राहिला तर विमान तरंगत राहतं, आणि तरंगणारं विमान आडव्या वाऱ्याच्या हाती जास्त वेळ सापडतं. फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या खाली उतरणाऱ्या झडपा, किती यावर हँगरमध्ये वाद चालू असतो. १७२ ची पुस्तिका आडव्या वाऱ्यात पट्टीच्या लांबीला पुरेल तेवढाच कमीत कमी फ्लॅप वापरा म्हणते. २३०० मीटरवर १० किंवा २० अंश पुरतात. पूर्ण ३० अंश आणि खोल साइडस्लिप (एक पंख खाली करून बाजूला सरकणं) एकत्र आले की एलेव्हेटर, नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग, थरथरू शकतो, असा इशाराही त्याच पुस्तिकेत आहे.

फायनल खेकड्याच्या चालीने यायचं. पंख सपाट, नाक वाऱ्याकडे तिरकं, वाट मात्र पट्टीच्या मधल्या रेषेवर. साठ-सत्तर नॉटच्या वेगात आडव्या वाऱ्याच्या एका नॉटला नाक जवळजवळ एक अंश वळवावं लागतं. १५ नॉटला तेरा-चौदा अंश. पण असंच तिरकं टेकवलं तर चाकं एकीकडे बघतात आणि विमान दुसरीकडे सरकतं. टायर चिरकतो, पायावर आडवा भार येतो, आणि पंखाखालच्या पायाची रचना त्या भारासाठी बेताचीच असते.

म्हणून शेवटच्या दीड-दोनशे फुटांत खेकडा सोडून वाऱ्याकडचा पंख खाली करायचा. काम दोन हातापायांना वाटून दिलेलं आहे. रडर नाक पट्टीच्या दिशेत ठेवतो, बाकी काही करत नाही. एलेरॉन, पंखाच्या टोकाकडची विमान कलवणारी झडप, विमानाला रेषेवर ठेवतो, बाकी काही करत नाही. नाक भटकलं तर पाय, विमान सरकलं तर हात. शिकाऊ माणूस हे उलटं करतो. विमान सरकायला लागलं की रडर मारतो, नाक वळतं, सरकणं थांबत नाही. डावीकडून वारा असेल तर स्टिअरिंग डावीकडे, पाय उजवीकडे, आणि ही जोडी झोताबरोबर सतत कमीजास्त होत राहते. एकदा लावून धरायची गोष्ट ती नव्हे.

इथेच खरी परीक्षा घेता येते, आणि ती फुकट असते. ५० फुटांवर रडर पूर्ण दाबूनही नाक सरळ राहत नसेल, किंवा नाक सरळ ठेवून पंख आणखी खाली नेला तरी विमान सरकतच असेल, तर आजचा वारा या विमानाच्या रडरपेक्षा मोठा आहे. टॉवरने काय सांगितलं, अहवालात काय होतं, याला तिथे अर्थ उरत नाही. थ्रॉटल पूर्ण आणि वर. साइडस्लिपमध्ये वेगाचा काटाही थोडा खोटं बोलतो, कारण वेग मोजायला लागणारं १७२ चं स्थिर दाबाचं छिद्र एकाच, डाव्या अंगाला आहे. काट्याइतकाच विश्वास नाकाच्या उंचीवर ठेवायचा.

शेवटच्या दहा फुटांत वारा बदलतो. जमिनीच्या घर्षणाने तो मंदावतो, पट्टीच्या कडेचं हँगर किंवा झाडांची रांग आडवी आली तर क्षणभर पडतो, आणि ती संपली की दुप्पट जोराने लागतो. वाऱ्याच्या अंगाला इमारत असलेल्या पट्ट्यात फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, येत असेल तर थोडं पुढे जाऊन टेकवलेलं चांगलं. लांबी तेवढ्यासाठीच वापरायची. मार्च-एप्रिलमध्ये नांगरलेल्या रानातून उठणाऱ्या वावटळी पट्टीवरून चालत जातात. वावटळ दिसत असेल तर ती पट्टी ओलांडून जाऊ देणं एवढंच हातात असतं.

टेकताना आधी वाऱ्याकडचं मुख्य चाक, मग दुसरं, आणि नाकाचं शेवटी. एका चाकावर पट्टीला लागलेलं विमान बघणाऱ्याला वाईट दिसतं, पण ते बरोबर आहे. नाकाच्या चाकाबाबत विमानाविमानांत फरक आहे आणि तो माहीत नसेल तर गोत्यात येतो. १७२ मध्ये हवेत असताना पुढचा पाय लांबतो आणि चाक मधोमध बसतं. पेडलशी जोडणी स्प्रिंगची आहे, त्यामुळे ती चूक काहीशी पोटात घालते. पायपरच्या पीए-२८ मालिकेत (आर्चर यातलंच) पेडल आणि नाकाचं चाक थेट दांड्यांनी जोडलेले असतात. उजवा पाय दाबून धरलेला असताना नाक खाली आलं तर चाक उजवीकडेच वळलेलं टेकतं आणि विमान तिकडे उसळी मारतं. म्हणून पीए-२८ मध्ये नाक टेकण्याच्या क्षणी पाय मधे आणायचे, आणि तेवढ्यात वारा नाक फिरवणार नाही याची काळजी स्टिअरिंगने घ्यायची.

तिन्ही चाकं जमिनीवर आली की हात सैल पडतो. बरेचसे अपघात इथून सुरू होतात. मागचा उभा पंख मोठा, चाकांच्या मागे लांब. वारा त्याला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटासारखं नव्हे, शिडासारखं, जोराने. त्याच वेळी वेग कमी होतोय म्हणून रडरची ताकद घटतेय. एलेरॉनचीही घटतेय, म्हणून ते कमी नव्हे, जास्त जास्त वाऱ्याकडे न्यायचं. विमान चालण्याच्या वेगावर येईल तेव्हा ते पूर्ण टोकाला असलं पाहिजे. टेकताना एलेरॉन सरळ करणं ही सवय आमच्याकडे सगळ्यात हट्टी आहे. गाडी चालवणाऱ्याचे हात ‘पोचलो’ म्हणून स्टिअरिंग सरळ करतात. मग वाऱ्याकडचा पंख उचलला जातो, बाहेरचं चाक सगळा भार घेतं, आणि दुसऱ्या पंखाचं टोक जमिनीला लागतं.

जास्त वेगाने उतरून विमान जमिनीवर दाबून धरलं तर वेगळीच गत होते. पंख अजून उडतोय, मुख्य चाकांवर वजन नाही, सगळा भार नाकाच्या चाकावर. ढकलगाडीच्या एका चाकासारखं विमान त्यावर गरकन फिरतं. ब्रेक मारावा तर मुख्य चाकं हलकी असल्याने ती नुसती घासतात. स्टिअरिंग मागे ओढून वजन मागच्या चाकांवर आणणं हाच उपाय. पट्टी ओली असेल तर आणखी वाईट. पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग नॉटमध्ये अंदाजे टायरच्या दाबाच्या वर्गमुळाच्या नऊ पट असतो. मुख्य टायरात ४२ पीएसआय हवा असेल तर ५८ नॉट. आर्द्राच्या पावसात ६५ ने टेकणाऱ्याला पहिले काही क्षण टायरची पकडच नसते, आणि आडव्या वाऱ्याला धरून ठेवायला तीच लागते. म्हणून वर लिहिलेली वाढ पाच नॉटच्या पुढे जाऊ द्यायची नसते.

विमान उसळलं तर काय, हा प्रश्न वाऱ्यात जास्त येतो, कारण फ्लेअरमध्ये समोरून झोत आला की विमान फुगतं आणि तो गेला की दाणकन खाली येतं. छोटी उसळी असेल तर नाक आहे तिथे ठेवून थोडी पॉवर द्यायची. नाक दाबलं की नाकाचं चाक आधी लागतं, विमान जास्त उसळतं, पायलट पुन्हा दाबतो, आणि हा झोका दर खेपेला वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पुढचा पाय मोडतो. १७२ मध्ये प्रॉपेलरचं टोक आणि जमीन यांत जेमतेम फूटभर अंतर असतं. तेव्हा दुसरी उसळी बघायची नाही. थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप ३० वरून २० वर, नाक बेताचं वर, आणि उजवा पाय. उजवा पाय महत्त्वाचा. पूर्ण पॉवर आणि कमी वेगात इंजिन नाक डावीकडे ओढतं, आणि डावीकडूनच वारा असेल तर दोन्ही एकाच बाजूला ढकलतात. पट्टीच्या डाव्या गवतात गेलेली विमानं अनेकदा उतरायला नाही, वर जायला निघालेली असतात. फ्लॅप एकदम शून्यावर आणणारेही भेटतात. विमान तिथेच खाली बसतं.

पट्टी सोडून टॅक्सीवेला वळलं की वाऱ्याची दिशा बदलते, म्हणून हातही बदलायचा. वारा पुढून तिरका असेल तर एलेरॉन वाऱ्याकडे, एलेव्हेटर मधे. मागून तिरका असेल तर एलेरॉन वाऱ्याच्या विरुद्ध, एलेव्हेटर पुढे. १७२ चे पंख वर असल्याने मागच्या तिरक्या वाऱ्यात विमान सहज उचललं जातं. वळण हळू, ब्रेक बेताचा. थांबल्यावर चाकांना गुटके, कंट्रोल लॉक, दोन्ही पंख आणि शेपूट अशा तिन्ही ठिकाणी दोर. वळवाच्या दिवसांत हे इंजिन थंड व्हायच्या आधी झालेलं असावं.

टेकणं जोरात झालं असेल, आडवं झालं असेल, तर ते वहीत लिहायचं. लिहायला लाज वाटते म्हणून पुढच्या उड्डाणाचा माणूस न बघताच बसतो. इंजिनिअर मग बघतो ते टायरच्या बगला, मुख्य पायांची बोल्टं, पुढच्या पायाचा ऑलिओ (धक्का शोषणारा दांडा), आणि इंजिनामागची फायरवॉल. तिथे पत्र्यावर हलकी सुरकुती दिसली की विमान बाहेर जात नाही. प्रॉपेलर जमिनीला लागला असेल तर पातं वाकलेलं दिसो न दिसो, लायकॉमिंग इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचा गिअर, त्याची पिन आणि बोल्ट उघडून बघावे लागतात. विमान हँगरमध्ये कित्येक आठवडे उभं राहतं, आणि बाहेर विंडसॉक तसाच हलत असतो.